बाळंतिणीच्या खोलीतली खरखर

परवा मोठीने सांगितलं की ती फोन उशाखाली ठेवून झोपते, नाहीतर सकाळचा गजर ऐकू येत नाही. मी "काढ तो तिथून" म्हटलं आणि तुम्ही दोघं हसलात. मागून तुमची आई "आई, पुरे" म्हणाली, तेही मला ऐकू आलं. तिला कारण ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. यातलं बाळ म्हणजे मोठी, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचताना शोधत बसायला नको.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आम्ही परतूरला राहत होतो. तुमचे आजोबा तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते आणि मी मुलींच्या शाळेतून. शाळेत मी इंग्रजी शिकवायची, त्यामुळे गल्लीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे यायचा. औषधाच्या खोक्यातली घडी, विम्याचा फॉर्म, मिक्सरबरोबरचं पुस्तक, काहीही. मी ते मराठीत सांगायची. खरं सांगायचं तर मला जे समजलेलं नसायचं तेही तितक्याच ठामपणे सांगायची. तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर "मला माहीत नाही" हे शब्द तोंडात येत नाहीत.

तुमची आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला सातवा लागला होता. तुमचे बाबा आखातात नोकरीला होते आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत त्यांना रजा मिळणार नव्हती. तिला आठवा लागला आणि शेजारच्या गच्चीवर लोखंडाच्या सांगाड्याचं काम सुरू झालं. शेजारचं घर माझ्या धाकट्या जाऊबाईंचं. दोन भावांची दोन घरं, मधली भिंत एकच. जाऊबाईंनी मला सांगितलं होतं की पाण्याची टाकी चढवायची आहे. मी गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकीचा पत्ता नाही आणि आकाशात सरळ वर गेलेला मनोरा.

"टाकी म्हणाला होतात तुम्ही," मी कठड्यावरून म्हटलं.

"टाकी बी बसणारच हाय की, बाई. टावर आधी बसून राह्यला, टाकी मागून." जाऊबाई मला सगळ्या गल्लीसारखं बाईच म्हणायच्या.

"खोटं कशाला सांगायचं?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही बसू दिला असता का?"

जी गोष्ट खोटं बोलून आणावी लागते तिच्यात काहीतरी असणार, हे माझ्या मनात तिथेच पक्कं झालं.

मनोऱ्यावर पांढऱ्या उभ्या पेट्या बसवायला जीपमधून मोबाइल कंपनीचा एक इंजिनिअर आला. मी त्याला आमच्या ओट्यावर बोलावलं आणि चहा दिला. चहा दिला की माणसाला उठता येत नाही.

"यातून जे निघतं ते किती निघतं?" मी विचारलं.

"मर्यादेच्या आतच आहे, मॅडम."

"मर्यादा कुणी ठरवली?"

"ठरलेली असते, मॅडम."

"आणि इथे मोजलं कुणी?"

त्याने बशी खाली ठेवली. "खाली काही येत नाही, मॅडम. बॅटरीचा झोत कसा समोर जातो, तसं हे समोर जातं. तुम्ही तर अगदी पायथ्याशी आहात. सगळ्यात सुरक्षित तुम्हीच."

"आणि समोरचे?"

"ते लांब आहेत ना!"

जवळचे सुरक्षित कारण ते जवळ आहेत, आणि लांबचे सुरक्षित कारण ते लांब आहेत. तुमच्या आजोबांना हे पटलं. ते म्हणाले, दिव्याखाली अंधार असतो, तसंच हे. मला नाही पटलं. जाताना त्याने एक छापील इंग्रजी कागद दिला. मी तो शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. इंग्रजी उत्तम होतं. वरच्या ओळीत मर्यादेचा आकडा, खालच्या ओळीत हे केंद्र त्या मर्यादेत असल्याचं वाक्य. कोणतं केंद्र, कोणत्या दिवशी मोजलं, कुणी मोजलं, यातलं काही नाही. परतूरचं नावही नाही. तोच कागद शेजारच्या मंठ्याला दाखवला असता तरी चालला असता. मुलीने उत्तरपत्रिकेत फक्त उत्तर लिहिलं आणि रीत गाळली, तर मी गुण देत नसे. या कागदालाही मी दिले नाहीत. नगरपालिकेत अर्ज केला. त्याची पोच मिळाली आणि पुढे काही झालं नाही.

मग मोठीचा जन्म झाला. जालन्याच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे मधली खोली. तिला खिडकी नाही, वारा लागत नाही, आणि तिची एक भिंत म्हणजे तीच, जाऊबाईंच्या घराला लागलेली. घरातली सगळी बाळंतपणं त्याच खोलीत झाली होती. एका बाजूला बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. बाळाच्या उशाच्या गोधडीखाली लोखंड म्हणून अडकित्ता ठेवलेला. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी तो पहिल्याच दिवशी ठेवला आणि मला बजावलं, "लोखंडाला कुणी हात लावू नगा. सव्वा म्हैना हाय तिथंच ऱ्हाऊ द्या." मी अशा गोष्टी मानत नाही, पण मोडतही नाही. दुसऱ्या कुणाच्या भीतीवर हसायला मी काही कमी भ्याले नव्हते.

मावशींची स्वतःची भीती वेगळी होती. टॉवर झाल्यापासून त्यांच्या म्हशीने दूध कमी केलं होतं.

"सकाळची दोन शेर द्यायची, आता दीडावर आलीय," त्या म्हणाल्या.

"आणि पेंड?" तुमच्या आजोबांनी बाहेरून विचारलं.

"पेंड म्हाग झाली, दादा. पेंड कमीच घालून राह्यले."

आजोबा हसले. मी हसले नाही. टॉवरवर संशय घ्यायला मला कुणीही साक्षीदार चालत होता.

मी घरात एक नियम केला. बाळंतिणीच्या खोलीत मोबाइल येणार नाही. तुमच्या आईचा फोन तुमच्या बाबांनी आखातातून पाठवलेला होता. तिने तो माझ्यादेखत बंद करून आपल्या बॅगेत ठेवला. बाबांशी बोलायचं तर घरातला साधा फोन होताच, ओसरीवर. पण बाळंतिणीने ओसरीवर येऊन बसायचं नाही हा मावशींचा नियम होता, त्यामुळे ते बोलणं जवळजवळ बंदच पडलं. माझ्या हे लक्षातही आलं नाही. मी टॉवरकडे बघत होते.

बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला माझा पुरावा मिळाला. मी रेडिओ घेऊन मधल्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. अकरा वाजून गेले होते. एकाएकी गाणं तुटलं आणि रेडिओतून टर्र-टिक-टिक-टर्र असा आवाज सुरू झाला, कुणीतरी आतून नखाने पत्रा खरवडावा तसा. थोड्या वेळाने थांबला. दुपारी चारच्या सुमाराला पुन्हा तेच. मी एक वही घेतली, रकाने आखले. वेळ, जागा, आवाज. दुसऱ्या दिवसापासून छोटा रेडिओ हातात धरून मी घरभर फिरू लागले आणि जिथे खरखर येई तिथे फरशीवर खडूने फुली मारू लागले. ओसरीवर काही नाही. स्वयंपाकघरात काही नाही. मधल्या खोलीच्या दारात थोडी. बाजेजवळ सगळ्यात जास्त. दोन दिवसांत बाजेभोवती फुल्यांचं रिंगण झालं.

आजोबांनी वही पाहिली. "गच्चीवर जाऊन पाहिलंस का?"

"पाहिलं. तिथे स्वच्छ लागतो रेडिओ."

"टॉवर गच्चीवर, आणि खरखर मधल्या खोलीत?"

"तो इंजिनिअरच म्हणाला ना, थेट खाली येत नाही, आडवं जातं म्हणून. भिंतीतून येत असणार."

"आणि ते फक्त अकरा वाजता आणि चार वाजता येतं?"

"तेव्हा जास्त सोडत असतील."

"कालव्याचं पाणी आहे का ते, पाळी लावून सोडायला?"

मी वही मिटली. तुम्हाला वाटेल आजी शिकलेली होती, तिला हा प्रश्न पडायला हवा होता. पडला होता. पण रकाने इतके नीट भरले होते की ते चूक असतील असं मानवेना. संशय एकदा वहीत उतरला की त्याला ज्ञानासारखं रूप येतं.

मी ठरवलं की बाराव्या दिवशी बारसं उरकायचं आणि तेराव्या दिवशी बाळ-बाळंतिणीला माझ्या भावाकडे पाठवायचं. त्याचं घर वडीगोद्रीपासून आत, शेतात. आसपास टॉवर नाही, काही नाही. भाऊ जीप घेऊन येतो म्हणाला. मावशी माझ्यावर उखडल्या.

"सव्वा म्हैन्याच्या आत लेकराला उंबऱ्याबाहेर काढता? अन् तेबी शेतात? तुम्ही शिकलेल्या बाया बिलकुल कुणाचं ऐकत न्हाईत."

त्यांचं मला अपेक्षितच होतं. पण तुमची आई रडायला लागली. "मी नाही जाणार."

"का? मामाचं घर आहे. मोकळी हवा आहे."

"मला इथेच राहायचंय."

"तुला बाळाची काळजी नाही का?"

हे मी बोलायला नको होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवसापासून माझा संशय टॉवरवरून खाली उतरून घरात आला. स्वतःच्या तान्ह्या लेकराला धोका आहे म्हटल्यावर जी आई जागची हलत नाही, तिला कुणीतरी काहीतरी शिकवतंय. आणि ते कोण असणार हे उघड होतं. जाऊबाई रोज सकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन यायच्या, बाजेशी बसून कुजबुजायच्या आणि मी आत गेले की गप्प व्हायच्या. संध्याकाळी डबा परत नेताना त्यावर फडकं टाकलेलं असायचं. रिकाम्या डब्याला फडकं कशाला? शिवाय बाळाचं अंथरूण बदलायला तुमची आई मला हात लावू देईना. "मी करते, तू बस," म्हणायची. टाके ओले असलेली बाई वाकून गोधड्या नीट करते आणि मी नुसती बघत बसते.

"काय कुजबुजता तुम्ही दोघी?" मी एकदा विचारलंच.

"सासूचं गाऱ्हाणं चाललं होतं, बाई," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्या दोघींच्या. ती वारली म्हणून काय झालं?"

बारशाच्या आदल्या दिवशी मावशी बाळाला न्हाणीत घेऊन गेल्या. तुमची आईही शेकायला मागच्या खोलीत गेली. नेहमी ही आंघोळ साडेनऊला व्हायची. त्या दिवशी बंबात पाणी तापायला उशीर झाला आणि अकरा वाजले. मधली खोली रिकामी होती. भाऊ आला की त्याला दाखवायला शेवटची एक नोंद करावी म्हणून मी रेडिओ घेऊन आत गेले. बाजेशी पोचते न पोचते तोच खरखर सुरू झाली. मी रेडिओ भिंतीकडे नेला. कमी झाली. बाजेवर आणला. वाढली. पायथ्याशी कमी. उशाशी इतकी की बोलणाऱ्याचा एक शब्द कळेना.

मी गोधडीखाली हात घातला. आधी अडकित्ता लागला. त्याला चिकटून काहीतरी थरथरत होतं.

बॅगेत बंद करून ठेवलेला फोन तो. आवाज बंद केलेला, पण चालू. बाळाचं डोकं जिथे टेकायचं त्याच्या बरोबर खाली, मध्ये एका गोधडीचं अंतर. घरात एवढीच एक जागा होती जिथे सव्वा महिना कुणी हात घालणार नव्हतं, आणि नियम करून त्या जागेवर फोन मीच ढकलला होता. बॅगेत राहिला असता तर पाच हात लांब राहिला असता.

हिरवं बटण दाबून मी तो कानाला लावला. मी काही बोलायच्या आत तुमच्या बाबांचा आवाज आला.

"झोपली का गं ती? जरा तिच्या तोंडाशी धर ना. कालच्यासारखं. मी काही बोलत नाही, नुसता श्वास ऐकतो."

मी म्हटलं, "ती आंघोळीला गेली आहे."

मग ते म्हणाले, "आई, तिला रागावू नका. मीच रोज मागतो. मी अजून पाहिलं नाहीये तिला."

मी रागावले. तुमची आई आत आली तेव्हा फोन माझ्या हातात होता आणि मी आयुष्यात तिला जितकं बोलले नसेन तितकं बोलले. डोक्याखाली, अकरा दिवसांच्या बाळाच्या डोक्याखाली! तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू काढून घेतला असतास," ती म्हणाली. "आणि मामाकडे रेंज नाही, आई. तीन महिने त्याला तिचा आवाजसुद्धा मिळाला नसता. आधी इथेही गच्चीवर गेल्याशिवाय लागत नव्हता. टॉवर झाला म्हणून या खोलीत लागतो. तू ज्याच्यावर अर्ज केलास ना, त्याच्यामुळे."

"आणि चार्ज कुठे करतेस?"

तिने भिंतीकडे पाहिलं. मला डबा आठवला. भिंतीपलीकडे भांड्याचा आवाज एकदम थांबला होता, म्हणजे ऐकणं चालू होतं.

"लाडवाच्या डब्यातून!" मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं.

"मंग काय करावं, बाई?" भिंतीतून उत्तर आलं. "तुमच्या घरात लेकीला नवऱ्याशी बोलायची चोरी!"

मी ओसरीवर येऊन बसले. तिच्या बॅगेतून फोनचं पुस्तक काढून आणलं. इतके दिवस टॉवरचा कागद वाचत होते, हे उघडलंही नव्हतं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात होतं सगळं. शरीराच्या दर किलोला किती वॅट शोषले जाऊ शकतात त्याची मर्यादा दोन, आणि या फोनचा आकडा त्याच्या आत. फोन अंगाला चिकटवून न ठेवता थोडं अंतर राखावं अशी सूचनाही होती, आणि मोजणी ते अंतर धरूनच केलेली. म्हणजे मर्यादा ही नुसत्या फोनची नव्हती. कसा धरला, किती दूर धरला, हेही तिच्यात आलं. मी पुस्तक उलटंसुलटं करून एकच गोष्ट शोधली. मोजताना डोकं कुणाचं धरलं होतं? ते दिलं नव्हतं. अकरा दिवसांच्या मुलीचं नसणार, एवढं मला सांगायला पुस्तकाची गरज नव्हती.

तो इंजिनिअर पुढे पुन्हा आला तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. टॉवर जितका जवळ तितका फोनला कमी जोर लावावा लागतो. रेंज नसलेल्या जागी तो जास्त जोराने धडपडतो. म्हणजे भावाच्या शेतात बाळाच्या उशाशी तोच फोन असता तर जास्त वाईट. हे पटण्यासारखं आहे आणि पुढे मी इतरत्रही वाचलं. तरी सांगणारा टॉवरवालाच होता, हे मी विसरले नाही.

ओसरीवर बसून मला ठरवायचं होतं ते एवढंच: उद्या बारसं, परवा जीप. पाठवायचं की ठेवायचं? पाठवलं तर टॉवर लांब गेला असता. पण फोन तिच्याबरोबर गेला असता, माझ्या नजरेआड, आणि रेंज शोधायला ती बाळाला घेऊन बांधाबांधावर फिरली असती. मी माझ्या लेकीला ओळखत होते. ती कुठे लपवेल हे मात्र मला ओळखता आलं नसतं. लपवलेल्या फोनपेक्षा समोर दिसणारा बरा. मी भावाला जीप आणू नको म्हणून निरोप पाठवला. का, ते सांगितलं नाही.

चार वाजायला आले तेव्हा मी फोन घेऊन मधल्या खोलीत गेले. बाळ तुमच्या आईच्या मांडीवर जागं होतं. मी फोन तिच्या हातात दिला आणि तो हात धरून लांब केला, कोपर सरळ होईपर्यंत. "इथून पुढे आणायचा नाही. ऐकू आलं तर आलं."

फोन थरथरला. तिने अंगठ्याने बटण दाबलं, मग स्पीकरचंही. मी लांबूनच ओरडले, "कानाशी धरणार नाही! मोठ्याने बोला!"

तुमच्या बाबांनी तिकडून, कुठल्या तरी कामाच्या जागी, चार माणसांत उभं राहून जे लाडाचं बोलायला सुरुवात केली ते फोनमधून खोलीभर आलं. भिंतीपलीकडे जाऊबाई मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, जरा हळू! आमच्या घरातली झोपलेली उठली!" त्यांच्या हसण्याने की बाबांच्या आवाजाने कोण जाणे, बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं.

"ऐकू येतंय!" ते ओरडत होते. "ऐकू येतंय, रडू दे तिला, थांबवू नको!"

तुमच्या आईचे डोळे भरून आले होते. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हते. मी तिच्या कोपराकडे पाहत होते, ते वाकतं की काय म्हणून.